सरांना लिहिताना

नागपूर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, सरांना मेल लिहायचा तर जीव टांगणीला लागतो, आणि रूममेट्सना काही लिहिलं की त्या विचारतात, "चिडलीस का?" मला दोन्हीचं मूळ एकच दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुझा मसुदा वाचला. "हाय सर, वॉन्टेड टू नो अबाउट माय रिपोर्ट. प्लीज रिप्लाय एएसएपी." त्यातलं 'एएसएपी', म्हणजे 'लवकरात लवकर', आधी काढ. वरिष्ठ माणूस हाताखालच्याला तसं म्हणतो. सरांना तो हुकूम वाटेल. असं लिहून बघ: 'डिअर डॉक्टर', पुढे त्यांचं आडनाव, मग "कुड यू प्लीज लेट मी नो इफ यू हॅव हॅड अ चान्स टू रीड माय रिपोर्ट? आय हॅव टू सबमिट इट बाय फ्रायडे." शुक्रवार सांगितला की घाई आपोआप कळते. आणि बघ, यात जड शब्द एकही नाही.

आपण मराठीत मान क्रियापदातून देतो. सीताबर्डीच्या टपरीवर मित्राला "काय करून राहिला बे" म्हणणारा मुलगा घरी आल्यावर आजीला "जेवून घ्या" म्हणतो, त्याला ते कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत मात्र सगळ्यांना एकच 'यू'. मग मान कुठे ठेवायचा? तो 'कुड', 'वुड', 'मे' यांत जातो. 'आय वॉन्ट'ऐवजी 'आय वुड लाइक', 'सेंड मी'ऐवजी 'कुड यू सेंड मी'. सरांना लिहिताना एवढं सांभाळलंस तरी निम्मं काम झालं.

राहिला प्रश्न जड शब्दांचा. वकिलांच्या ऑफिसात माझा दिवस टायपिंगमध्ये जातो, त्यामुळे यावर मला पोटतिडकीने बोलावंसं वाटतं. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची कितीतरी वर्षं दरबारात, कोर्टात फ्रेंच आणि लॅटिन चाललं. शेवटी लोकांना फ्रेंच कळत नाही म्हणून १३६२ मध्ये कायदा करून कोर्टातलं बोलणं इंग्रजीत करावं लागलं. पण तोवर शब्दांच्या जोड्या पडल्या होत्या: घरात 'बाय', कागदावर 'परचेस', घरात 'हेल्प', कागदावर 'असिस्ट'. आम्ही आजही मृत्युपत्रावर 'विल अँड टेस्टामेंट' अशी जोडीच टाइप करतो. अर्जात, करारात हे शब्द शोभतात. पण मेलमध्ये तीन-चार एकदम आले की वाचणारा अडखळतो. अमेरिकेत तर २०१० मध्ये सरकारी खात्यांनी लोकांना समजेल असंच लिहावं असा कायदा झाला. तेव्हा औपचारिक म्हणजे अवघड, हे डोक्यातून काढून टाक. पूर्ण वाक्यं, 'डोन्ट'च्या जागी 'डू नॉट', 'प्लीज'चं नीट स्पेलिंग, आणि मुद्दा पहिल्या दोन ओळींत. आपल्याकडचं 'काइंडली डू द नीडफुल' मात्र टाळ. नेमकं काय करायचं ते त्यातून समोरच्याला कळतच नाही.

रूममेट्सचं उलट आहे. "काइंडली इन्फॉर्म मी व्हेन यू रिटर्न" असं रात्री आठ वाजता भाजी कापता कापता कुणी म्हणतं का गं? तिथे "व्हेन आर यू बॅक?" एवढं पुरे. जवळच्या माणसाशी फार औपचारिक झालं की ते रागावल्यासारखं लागतं. घरी तू मला एकदम 'अहो बाबा, आपण' म्हणालीस तर माझंही काळीज धस्स होईल.

शेवटच्या ओळीबद्दल तू विचारलं होतंस. 'डिअर सर'ने सुरुवात केली तर 'यूअर्स फेथफुली', आडनाव घातलं तर 'यूअर्स सिन्सिअरली', ही ब्रिटिश पद्धत. ती आमच्या ऑफिसच्या पत्रांत अजून पाळतात. तुझ्या मेलला 'रिगार्ड्स' चालेल.

आणि सरांचं उत्तर आलं की खाली त्यांनी नाव कसं लिहिलंय ते बघ. नुसतं पहिलं नाव असेल तर पुढच्या मेलला थोडी मोकळी हो. पूर्ण नाव आणि पद असेल तर अजून काही दिवस आडनावच घाल. मेल आज रात्रीच पाठव, शुक्रवार जवळ आलाय.

तुझे,
बाबा