प्रोटीन पावडरचे नमुने तपासा

मा. संपादक,

गंगापूर रोडला बाहेरगावच्या मुलांसाठी मी खानावळ चालवते. शिक्षण गृहविज्ञानाचं. हल्ली बरीच मुलं जिमला जातात, हे पाहून फार बरं वाटतं. पण परवा एकानं रात्रीचं जेवण बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाला, "काकू, प्रोटीनचा डबा घ्यायचाय, तीन हजारांचा. जिमचे सर म्हणाले, त्याशिवाय बॉडी बनत नाही." मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय, वडील निफाडकडे द्राक्षबागेत मजुरीला जातात.

पावडर अगदीच निरुपयोगी, असं मी म्हणणार नाही. पनीर-चीज करताना उरणाऱ्या पाण्यातून काढलेलं व्हे प्रोटीन उत्तम प्रतीचं असतं. पण पदरात किती पडतं? २०१८ साली ४९ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामानं उचलायचं वजन सरासरी २७ किलोनं वाढलं आणि जादा प्रथिनांनी त्यात भर घातली ती जेमतेम अडीच किलोची. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिनं खाऊन स्नायू आणखी वाढलेले दिसले नाहीत.

साठ किलोच्या मुलाला म्हणजे ९६ ग्रॅम. आमच्या दोन वेळच्या ताटातून, पोळ्या, वरण, मटकीची उसळ आणि दही धरून, पन्नासच्या आसपास मिळतात. तेही उसळ खाल्ली तर! पावडरचा शेकर हलवत बसलेली मुलं नेमकी तीच वाटी बाजूला सारतात. राहिलेल्या ४५ ग्रॅमसाठी अर्धा लिटर दूध, तीन अंडी आणि दोन मुठी फुटाणे पुरतात, साठ-सत्तर रुपयांत. अंडी चालत नसतील तर सोयाबीनच्या वड्या आहेत, शंभर ग्रॅममध्ये पन्नासहून अधिक ग्रॅम प्रथिनं. तीन हजारांच्या किलोभर डब्यात तीसेक स्कूप (मापाचे चमचे) निघतात. ४५ ग्रॅमसाठी दोन लागतात, म्हणजे रोजचे दोनशे रुपये. आधी ताट पूर्ण करावं, मग परवडत असेल तर खुशाल डबा घ्यावा.

आणि डब्यात लिहिलंय तेवढं असतं का? २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा जवळपास सत्तर टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. नेहमीच्या चाचणीत नायट्रोजन मोजून प्रथिनांचा आकडा काढतात. नायट्रोजन अमिनो आम्लांत, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या घटकांतही असतो; त्यामुळे ग्लायसीनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळलं की कागदावर प्रथिनं वाढतात, स्नायूंना त्याचा उपयोग होत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनंही त्याच वर्षीच्या आहार मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडरी टाळायला सांगितलं आहे.

सगळ्यात राग येतो तो याचा, की सल्ला देणारा आणि डबा विकणारा अनेकदा एकच माणूस असतो. जिमचालकांनी हे थांबवावं. अन्न व औषध प्रशासन दिवाळीच्या तोंडावर खव्याचे नमुने घेतं. तसेच कॉलेज रोड, सिडको, नाशिकरोडच्या दुकानांतून आणि जिममधून या डब्यांचे नमुने घ्यावेत, आणि आपण त्यांचे निकाल ब्रँडच्या नावानिशी छापावेत, ही कळकळीची विनंती.

– एक खानावळचालक, गंगापूर रोड, नाशिक