पायडलची सळई काढून ठेव

चि. संदीपला अनेक आशीर्वाद.

तू घेतलेल्या पत्रा कापायच्या जुन्या प्रेसचा परवा पाठवलेला व्हिडिओ मी सात-आठ वेळा पाहिला. तुझी आई म्हणाली, एवढं काय बघताय, मशीनच तर आहे. नारळ फोडून तू हौसेनं स्ट्रोक मारून दाखवलास, पण माझी नजर रॅमवरून, त्या वरखाली होणाऱ्या भागावरून, हटेना. वर गेल्यावर तो जागेवर थांबत नाही, बोटभर खाली घसरून थांबतो. ब्रेकच्या पट्ट्याचं लायनिंग झिजलंय, नाहीतर त्याला तेल लागलंय. फोनवर सांगितलं की तू “हो अण्णा” म्हणतोस आणि कामाला लागतोस, म्हणून लिहायला बसलो.

३० टनी सी-फ्रेम प्रेस एवढ्या पैशात मिळाली, बॉडीला कुठं तडा नाही. सौदा चांगला केलास. वाळूजमध्ये गाळा घेऊन स्वतःचं जॉबवर्क सुरू करायचं धाडस मला कधी झालं नाही, तू केलंस, याचा मला अभिमान आहे. पण जुनी प्रेस नवी करायची म्हणून जी यादी पाठवलीस, मशीन चालवणारा पीएलसी कंट्रोलर, काउंटर, पट्टी आपोआप सरकवणारा रोल फीडर आणि समोर हात आला की मशीन थांबवणारा उजेडाचा पडदा, म्हणजे लाइट कर्टन, त्या क्रमानं पैसे घालू नको.

कर्टनचंच बघ. तुझ्या प्रेसला रोलिंग कीचा क्लच आहे. पायडल दाबलं की ती ‘की’, म्हणजे फिरती खुंटी, रॅम हलवणाऱ्या क्रँकशाफ्टला फ्लायव्हीलच्या जड चाकाशी जोडते, आणि एकदा जोडली की पूर्ण फेरा झाल्याशिवाय सोडत नाही. मधेच मोटर बंद केली तरी फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर रॅमला खाली नेतोच. मिनिटाला ६० स्ट्रोक म्हणजे अख्खा फेरा एका सेकंदात. कर्टनला हात दिसेल, पण प्रेस थांबवणं त्याला जमणार नाही. आणि समोर दिवा लागलेला दिसला की पोरगा बिनधास्त हात घालील. ही माझी खरी भीती आहे.

तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. १९९४ साली मी ज्या कंपनीत फिटर होतो, तिथं अशाच एका प्रेसच्या कीची कड गोल झाली होती आणि परतीची स्प्रिंग ढिली पडली होती. मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, लॉट संपू दे, मग बघू. मी ब्रेक थोडा आवळला आणि मशीन चालू करून दिली. दुपारी जेवणानंतर तिनं पायडल न दाबता दुसरा स्ट्रोक मारला. गंगापूरकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा होता, तुकडा काढायला हात आत होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली. धोक्याच्या भागाला आच्छादन हवं, हे कारखाने अधिनियम १९४८च्या कलम २१मध्ये लिहिलेलं होतं आणि त्या कायद्याचा गोषवारा गेटजवळच्या भिंतीवर लावलेला होता. पण बोट ठेवायचं तर माझ्यावरही ठेवावं लागतं. स्प्रिंग ढिली आहे हे मला ठाऊक होतं.

म्हणून आधी की, स्प्रिंग आणि ब्रेक लायनिंग तिन्ही नवीन टाक. जुनी की ग्राइंडिंग करून परत बसवू नको. मग गिबमधला, म्हणजे रॅम ज्यात सरकतो त्या पट्ट्यांतला, खेळ फिलर गेजच्या पातळ पात्यांनी बघ. रॅम तिरका उतरला तर वरचा पंच खालच्या डायच्या कडेला घासतो आणि तू तुकड्याला बर, म्हणजे खरखरीत कड, निघते म्हणून पार्टीशी भांडत बसशील. पत्र्याच्या पट्टीतून ब्लँकिंग, म्हणजे तुकडे कापायचं काम, करायचं असेल तर डायला चारी बाजूंनी पक्की जाळी कर. पट्टी जाईल एवढीच फट ठेव, ६ मिलीमीटरच्या आत. खर्च फार नाही, आणि बोट आत जातच नाही.

तुकडा हातानं ठेवायचं काम घ्यायचंच असेल तर हवेवर चालणारा फ्रिक्शन क्लच-ब्रेक बसव. त्यातली हवा निघून गेली की क्लच सुटतो आणि स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक लागतो, रॅम अर्ध्यात थांबू शकतो. हवेचा व्हॉल्व्ह मात्र दुहेरी घे, एक अडकला तरी दुसरा हवा सोडील असा. दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं लाव. कर्टन त्यानंतर. तेही थांबायचा वेळ मोजून: हात सेकंदाला दोन मीटर जातो असं धरतात, म्हणजे प्रेसला थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून निदान ४०० मिलीमीटर लांब हवं, वर थोडी जादा जागा. फीडर आणि पीएलसी पुढच्या वर्षी घे, ऑर्डर कुठं पळून जात नाही.

डाय बांधताना मेन स्विचला कुलूप, चावी तुझ्या खिशात, आणि रॅमखाली ठोकळा. फ्लायव्हील पूर्ण थांबल्याशिवाय कुणी वाकायचं नाही.

कापसाची वेचणी उरकली की मंगळवारी पहिल्या एसटीनं येतो. फिलर गेज आणि माझे पाने सोबत आणतो, लायनिंग आपण दोघं मिळून बसवू. तोवर पायडलची सळई काढून ऑफिसात ठेव, म्हणजे मशीन कुणी चालवणार नाही. रांजणगावची ती दोन पोरं कामाला लावलीस ना, त्यांचा पगार या चार दिवसांचाही दे.

तुझे
अण्णा