मधमाश्या बघून काय मिळतं, बाबांसाठी

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले, प्राणी कसे वागतात ते बघत बसायचं हे काय करिअर झालं, आणि मी हसून विषय बदलला, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. माझं राहू दे, मधमाश्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांचं सांगते. जन्म १८८६, व्हिएन्ना, वडील सर्जन. त्यांच्या आग्रहाने मेडिकलला गेले आणि मध्येच सोडून झूऑलॉजीकडे वळले (ओळखीचं वाटतंय ना बाबा?).

तेव्हा एक मोठे डॉक्टर ठामपणे सांगायचे की मधमाशीला रंग दिसत नाहीत. फ्रिशनी काय केलं, एक निळा कार्ड आणि आजूबाजूला फिक्यापासून गडदपर्यंत करडे कार्ड मांडले, साखरपाणी फक्त निळ्यावर. माश्यांना सवय झाल्यावर कार्डांच्या जागा बदलल्या, साखरपाणी काढून टाकलं, तरी त्या निळ्यावरच येऊन बसल्या. रंग दिसत नसता तर कुठला तरी करडा निळ्यासारखाच वाटून घोटाळा झाला असता. माशीला बोलता येत नाही, पण प्रश्न नीट विचारला की उत्तर मिळतं, माझं कामही हेच आहे गं आई.

नाचाचं तर भारीच, खाणं कुठे आहे ते माशी नाचून इतर माश्यांना सांगते. अंधाऱ्या मधपेटीत उभ्या पोळ्यावर माशी पोट हलवत सरळ पळते. सरळ वर पळाली तर खाणं सूर्याच्या दिशेला, तिरकी पळाली तर सूर्यापासून तेवढ्याच कोनात बाजूला, आणि जितका वेळ हलत पळेल तितकं लांब. आणि हे त्यांना पहिल्याच फटक्यात नाही कळलं! १९२०च्या दशकात त्यांना वाटलेलं की गोल नाच मधुरसासाठी आणि हा डुलता नाच परागासाठी. वीसेक वर्षांनी साखरपाणी लांब ठेवून पाहिलं तर मामला अंतराचा निघाला, खाणं जवळ असेल तर गोल नाच, लांब असेल तर डुलता, मग स्वतःचंच म्हणणं त्यांनी बदललं. मला नोबेलपेक्षा हे जास्त आवडतं.

मध्ये नाझींनी आजी ज्यू वंशाची म्हणून त्यांना नोकरीतून काढायचं ठरवलं, पण तेव्हाच नोसेमा या मधमाश्यांच्या रोगाने पोळीच्या पोळी मरत होती, आणि त्यावर संशोधन करायला हाच माणूस हवा होता म्हणून ते टळलं. माश्यांनीच वाचवलं म्हणा.

नोबेल १९७३ मध्ये, लोरेन्झ आणि टिनबर्गन या प्राण्यांचं वागणंच अभ्यासणाऱ्या दोघांसोबत, ऐंशी उलटून गेल्यावर. त्यामुळे बाबा, घाई नको. रविवारी फोन करते तेव्हा कोनाचं गणित नीट सांगते, आईला लगेच कळेल, तुम्ही फक्त मध्ये मध्ये बोलू नका.

तुमची,
धाकटी