काटे चार, खिडकी एक

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी एक लेख वाचला. जगभरच्या प्रयोगांत जे फरक अजून सुटलेले नाहीत, ते सगळे अवकाशातल्या एकाच दिशेकडे बोट दाखवतात, असा त्याचा सूर होता. शेजारी आकाशाचं चित्र आणि त्यात एक जाड लाल बाण. तो बाण पाहून मला चार काटे आठवले.

पस्तीस वर्षं मी वजनाचे काटे दुरुस्त केले. बहुतेक सराफ्यातल्या सोनारांचे, अधूनमधून प्रयोगशाळांतले. 1996 च्या हिवाळ्यात इथल्याच एका कॉलेजातून निरोप आला, की काटे एका बाजूला जातात. रसायनशाळेत एकाच ओट्यावर रांगेत चार काटे, काचेच्या पेटीतले, दोन पारड्यांचे. सकाळी चारही शून्यावर. दुपारी चारच्या सुमारास चारही उजवीकडे जड, 100 ग्रॅममागे कुठे 0.2 मिलिग्रॅम, कुठे थोडं जास्त. एकटा काटा चुकला असता तर सगळ्यांनी मला शिव्या देऊन विषय संपवला असता. चार एकदम चुकले, त्यामुळे कारणही तसंच भारी हवं झालं. एक सर म्हणाले ओटा वास्तूप्रमाणे नाही. दुसऱ्यांचं वाचन दांडगं. ते म्हणाले, "आकाशातून काही येत असेल हो, चार-चार साक्षीदार आहेत!"

उजवीकडे पश्चिमेची खिडकी होती. पितळी दांडीची एक बाजू दुसरीपेक्षा अंशाच्या दहाव्या भागाने जरी जास्त तापली, तरी ती लांबते आणि 100 ग्रॅमला साधारण 0.2 मिलिग्रॅमचा फरक पाडते. हे मला माहीत होतं, पण सरांपुढे आपलं कोण ऐकणार? म्हणून त्यांनाच म्हटलं, वेळ लिहून ठेवू. तारे रोज 3 मिनिटं 56 सेकंद आधी उगवतात, महिन्याला दोन तास. कारण ताऱ्यांकडचं असेल तर डिसेंबरात दुपारी चारला दिसणारा फरक मार्चमध्ये सकाळी दहाला दिसायला हवा. प्रयोगशाळेच्या शिपायाने होळीपर्यंत इमानेइतबारे नोंदी ठेवल्या. फरक चारची वेळ सोडेना. मग खिडकीला पुठ्ठा लावला आणि तो गेला. मजुरीचे दीडशे रुपये मात्र दिवाळीनंतर मिळाले.

आपल्या लेखात अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डेटन मिलर यांचा उल्लेख आहे. प्रकाश ज्यातून वाहतो असं पूर्वी मानत, त्या इथर नावाच्या अदृश्य माध्यमाचा वारा पृथ्वीला लागतो का, हा तेव्हाचा प्रश्न. त्यासाठी मायकेलसन आणि मोर्ली यांनी 1887 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला केलेला प्रयोग त्यांनी 1925-26 मध्ये माउंट विल्सनच्या डोंगरावर पुन्हा केला, दोन लाखांवर नोंदी घेतल्या, आणि इथरचा सेकंदाला सुमारे 10 किलोमीटरचा वारा सापडल्याचं सांगितलं. त्यांचा फरक ताऱ्यांच्या वेळेने चालतो, असाच त्यांचा दावा होता, म्हणजे माझी परीक्षा त्यांना ठाऊक होती. या माणसाला हसू नये. पण 1955 मध्ये शँकलंड आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या वह्या पुन्हा तपासल्या, तेव्हा दोष खोलीतल्या उष्णतेवर आला. सूर्यमालेबाहेर निघालेल्या पायोनियर यानांचंही तेच: सूर्याकडे ओढणारा तो गूढ जोर 2012 मध्ये यानाच्याच उष्णतेच्या खाती जमा झाला. उष्णता ही फार लबाड वस्तू आहे.

आता तो लाल बाण. लेखात दिशा दिल्या आहेत, त्यांच्यामधले कोन दिलेले नाहीत, म्हणून मी एका दुपारी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. विश्वाच्या आरंभीच्या काळातला जो मंद प्रकाश अजून सगळीकडे भरून आहे, त्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या तुलनेत आपला सूर्य सेकंदाला सुमारे 370 किलोमीटर वेगाने सिंह राशीच्या पायथ्याशी, चषक तारकासमूहाकडे चालला आहे. ही दिशा पक्की मोजलेली आहे. मिलर यांची दिशा तिच्याशी 85 अंशांचा कोन करते. 2010 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन वेब यांच्या गटाने सूक्ष्मरचना स्थिरांक (विद्युत-चुंबकीय बलाचा जोर सांगणारा आकडा) ज्या दिशेला बदलतो असं म्हटलं, ती 86 अंशांवर. इटलीतल्या ग्रान सास्सोच्या डामा प्रयोगात स्फटिकांमधल्या चमकांत दरवर्षी जूनच्या सुरुवातीला दिसणारी वाढ हंस तारकासमूहाकडून येणाऱ्या कृष्णद्रव्याच्या, म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थाच्या, वाऱ्याची मानतात. ती रेषा 48 अंशांवर. (तसल्याच स्फटिकांवर स्पेन आणि कोरियात केलेल्या प्रयोगांना ती वाढ दिसली नाही.) जवळजवळ काटकोनात असलेल्या दिशांना एक बाण कसा काढला?

जे जुळतं तेही मोजूनच घ्यावं. दोन रेषा कशाही टाकल्या तरी त्या एकमेकींच्या 20 अंशांत येण्याची शक्यता शंभरात सहा. आठ प्रयोग घेतले की जोड्या 28 होतात, म्हणजे एक-दोन जोड्या नुसत्या योगायोगाने जुळणारच. लेखकाने जुळलेल्या जोड्या छापल्या, बाकीच्या कुठे गेल्या?

एक गोष्ट मात्र मलाही झोप येऊ देत नाही. 2021 मध्ये 13.6 लाख क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रं, मोजले, तेव्हा एका बाजूला त्यांची गर्दी आपल्या वेगामुळे दिसायला हवी त्याच्या दुपटीहून जास्त निघाली, आणि तीही चषकाकडच्या दिशेपासून सुमारे 28 अंशांवरच. इथे खिडकी कोणती, हे अजून कुणाला दाखवता आलेलं नाही. पुरवणीत याला दोन ओळी आणि मिलरना अख्खा रकाना, हे उलटं झालं. पुढच्या वेळी बाणाऐवजी कोनांचा तक्ता छापा, जागा तेवढीच लागेल.

लेख वाचून आमच्या नातवाने त्या सगळ्या दिशा गच्चीवरून दाखवा म्हणून हट्ट धरला. चषकाची दाखवली. चैत्र-वैशाखात रात्री नऊच्या सुमारास ती दक्षिणेकडे बरीच वर असते. मिलरची कुठंय, म्हणाला. ती इंदूरहून कधी उगवतच नाही, हे त्याला काही केल्या पटेना.

आपला,
एक निवृत्त काटेवाला
रामबाग, इंदूर