डोंगरावरच्या वाडीचा इतिहास तिच्याबरोबर गाडला जाऊ देऊ नका

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. १५१ माणसं दगावली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये गेलं, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. आज या गावांची नावं काढली की मृतांची यादी, पंचनामे आणि नव्या घरांचे आराखडे सहज सापडतात. दरडीच्या आधी ती गावं कशी होती, कोणतं घराणं कुठून येऊन वसलं, पहिली विहीर कुणी खणली, घाट उतरून बाजाराला कोणत्या वाटेनं जात, हे विचारायचं तर ते सांगणारी बरीच माणसं त्याच मातीखाली गेलेली आहेत.

म्हणून हे पत्र. सह्याद्रीतल्या ज्या वाड्या पुढच्या काही वर्षांत सुरक्षित जागी हलवल्या जाणार आहेत, त्या हलवण्याआधी त्यांचा इतिहास नोंदवून घ्या. घरांच्या मोजणीइतकंच हेही पुनर्वसनाचं काम माना.

आपल्याकडे स्थानिक इतिहास म्हटला की किल्ला आठवतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्याचा आनंद मलाही आहे. पण किल्ला एकट्यानं कधीच उभा नव्हता. त्याच्या उतारावर मेटकरी, म्हणजे गडाच्या चौक्यांवरचे पहारेकरी, राहत होते, पायथ्याच्या वाड्या त्याला लाकूड, धान्य आणि माणसं पुरवत होत्या. ब्रिटिश अधिकारी कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेले जुने गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्यांचे माहितीग्रंथ, उघडून पाहा. कुलाब्याचा (आताच्या रायगडचा) खंड १८८३ चा, पुण्याचा १८८५ चा. त्यांत किल्ले, पेठा, घाटवाटा तपशिलानं आहेत. वीस-तीस उंबऱ्यांची डोंगरावरची वाडी मात्र क्वचितच भेटते, कारण तिथून ना मोठा महसूल येत होता, ना तिथे कुणाचा वाडा होता. तिचा इतिहास तोंडी राहिला, आणि तो सांगणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.

ही केवळ हळवी मागणी नाही. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांची यादी दिली आहे. गावातल्या ज्येष्ठांचं लिहून घेतलेलं निवेदन त्या यादीत आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं याही पुराव्याच्या खुणा मानल्या आहेत. म्हणजे ‘ही विहीर आमच्या आजेसासऱ्यानं खणली’ असं एखाद्या आजीनं सांगितलं, तर ते तिच्या गावाच्या हक्काचं कागदपत्र ठरू शकतं. ते वेळेत लिहून घेतलं नाही तर आजीबरोबर हा पुरावाही जातो. गाव खाली उतरवल्यावर वरच्या रानावरचा, पाणवठ्यावरचा, देवराईवरचा हक्क सांगायला त्या लोकांकडे काय उरेल, याचा विचार व्हायला हवा.

दुसरी बाब डोंगराचीच. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनंच तेव्हा विधिमंडळात सांगितलं होतं. यादी भूवैज्ञानिकांनीच करावी, त्याबद्दल वाद नाही. पण कोणता उतार पूर्वी सरकला होता, कोणत्या वर्षी झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, जुनी घरं कोणत्या बाजूनं उठवून इकडे आणली आणि का, हे गावात कुणाला तरी ठाऊक असतं. गावाचा इतिहास विचारायला बसलेला माणूस हे सगळं ओघात ऐकतो. सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो.

हे करायला नवं महामंडळ नको. आपल्याच खात्यात गॅझेटिअर तयार करणारा दर्शनिका विभाग आहे, जुनी सरकारी दप्तरं जपणारं पुराभिलेख संचालनालय आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली लोकजैवविविधता नोंदवहीची, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांबद्दलच्या माहितीची नोंद ठेवण्याची, वाट घालून दिलेली आहे. गावाचीच समिती गावातल्या लोकांना विचारून ती नोंदवही करते. तशीच इतिहासाची नोंदवही ग्रामसभेच्या ठरावानं करता येईल. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांचे नकाशे होत आहेत. त्याच नकाशावर जुनी वाट, पडकं देऊळ, वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा), सोडून दिलेलं घरठाण दाखवायला फारसा खर्च नाही. लागतात ती चार दिवस मुक्काम करून ऐकणारी माणसं. ती शक्यतो त्याच पंचक्रोशीतली, तिथली बोली कळणारी हवीत.

एका गोष्टीवर मात्र माझा आग्रह आहे. ही नोंद मंत्रालयातल्या कपाटात जाऊन बसू नये. पहिली प्रत गावाची: ध्वनिमुद्रण, फोटो, जुन्या मोडी कागदांच्या स्कॅन प्रती आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर गावच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीत असावं. दुसरी प्रत जिल्हा ग्रंथालयात, तिसरी पुराभिलेखागारात. मूळ कागद ज्याचे त्याच्याच घरी राहू द्या. ‘नेऊन परत आणतो’ म्हणून नेलेली दप्तरं परत न आल्याच्या तक्रारी गावोगाव ऐकायला मिळतात, आणि त्यामुळेच लोक ट्रंका उघडत नाहीत. बाहेरच्यांना काय दाखवायचं आणि काय नाही, हे ग्रामसभेनं ठरवावं. देवराईची जागा किंवा घरातल्या भांडणाची हकीकत सगळ्या जगाला कळायलाच हवी असं नाही.

सुरुवात लहान करा. रायगड, पुणे आणि सातारा जिल्ह्यांत ज्या वाड्यांचं पुनर्वसन मंजूर झालं आहे किंवा विचाराधीन आहे, त्यांची यादी मदत व पुनर्वसन विभागाकडून मागवा. दर्शनिका विभागाला येत्या पावसाळ्याआधी निदान त्या वाड्यांतल्या सर्वांत वयस्क माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करण्याचे आदेश द्या. माळीण, तळीये आणि इर्शाळवाडीतून जी माणसं वाचली, त्यांची इच्छा असेल तर त्यांच्याकडेही जा. त्या गावांबद्दल जे सांगता येण्यासारखं आहे ते आता त्यांच्याकडेच आहे.

या आदेशाची प्रत जाहीर व्हावी, ही विनंती.

आपला,
स्थानिक इतिहासाचा एक अभ्यासक