खिडक्यांची ऑर्डर देण्याआधी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, तुम्ही पाठवलेला नकाशा आणि कंत्राटदाराचा कागद दोन्ही नीट पाहिले. दुहेरी काचांच्या खिडक्या, छतावर उष्णतारोधक थर, सगळ्या फटी बंद. विजेचं बिल नक्की उतरेल. छताचं काम तर आधी घ्या. पण बाहेरची हवा आत येणार कुठून, यावर त्या कागदात एक ओळही नाही.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर पाश्चात्त्य देशांत हेच झालं. इंधन वाचवायला इमारती बंदिस्त केल्या. अमेरिकी मानकात माणशी ताज्या हवेचं किमान प्रमाण मिनिटाला ५ घनफुटांवर आलं. मग लोकांची डोकी दुखायला लागली, डोळे चुरचुरायला लागले, घसा कोरडा, अंगात मरगळ. तपासण्यांत काही निघेना आणि इमारतीबाहेर पडलं की बरं वाटे. त्यालाच पुढे ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ म्हणू लागले. १९८९ मध्ये ते प्रमाण पुन्हा १५ घनफुटांवर न्यावं लागलं. तुम्ही दोघं आता जवळजवळ दिवसभर घरातच असता, म्हणून एवढं लांबण लावतेय.

आई, एसी लावला की तुला हवा ताजी वाटते. पण भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. माझ्या उशाशी कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आहे. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. दार-खिडकी लावून झोपलं की पहाटे आकडा २००० च्या पुढे गेलेला दिसतो. खिडकी चार बोटं उघडली की उतरायला लागतो. एवढ्यानं कुणाला विषबाधा होत नाही, पण तो साचला म्हणजे बाकीचंही साचलंय.

बाकीचं म्हणजे मुख्यतः नव्या कपाटांचा वास. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा डोळे-घसा चुरचुरवणारा वायू कितीतरी महिने सुटत राहतं, उकाड्यात आणि दमटपणात जास्तच. बोर्ड ई-१ (हा वायू कमी सोडणाऱ्या बोर्डांचा दर्जा) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा घ्या आणि कापलेल्या सगळ्या कडांना पट्टी लावून घ्या, मागच्या न दिसणाऱ्यासुद्धा. सुतार तिथेच हात आखडता घेतात. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, नाहीतर मागे बुरशी धरेल.

बाथरूमचा पंखा हवा थेट बाहेर टाकणारा असावा. टिश्यूचा तुकडा जाळीवर धरून सोडा. चिकटून राहिला तर पंखा ओढतोय. दाराखाली फट नसेल तर तोही बिचारा काय ओढणार?

बाबा, कुंड्या हौसेनं ठेवा, पण हवा शुद्ध करायचं काम त्यांच्यावर सोपवू नका. झाडं हवेतली रसायनं शोषतात असं दाखवणारा नासाचा १९८९ चा तो प्रयोग लहान बंद पेट्यांमध्ये केलेला होता. खऱ्या खोलीत तसा परिणाम हवा असेल तर तुम्हाला झोपायला जागा उरणार नाही.

खर्च झेपत असेल तर हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर बसवा. त्यात बाहेर जाणारी आणि आत येणारी हवा न मिसळता शेजारून जाते आणि उष्णता एकीकडून दुसरीकडे जाते, त्यामुळे ताजी हवा मिळूनही एसीची किंवा हीटरची मेहनत फारशी वाया जात नाही. फिल्टर मात्र वेळच्या वेळी बदलावा लागतो. ते नको असेल तर खिडकीच्या चौकटीतच उघडझाप करता येणारी झडप मागा.

यातलं काय जमेल ते कंत्राटदाराकडून लिहून घ्या आणि मला फोटो पाठवा. तोवर ऑर्डर देऊ नका.

तुमची,
मनू