मेंदूतल्या दिव्याची बातमी अर्धीच का येते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑप्टोजेनेटिक्सच्या, म्हणजे प्रकाशाने मेंदूतल्या ठराविक पेशी चालवण्याच्या तंत्राच्या, बातम्या हल्ली विज्ञान पानावर येतात आणि मी त्या आवर्जून वाचतो, पण दरवेळी सगळी बातमी जनुकं आणि प्रकाश यांच्यावरच संपते. तो प्रकाश मेंदूत पोचवणारं जे इवलंसं यंत्र असतं त्याच्या वाट्याला "अतिसूक्ष्म उपकरण बसवलं" एवढी एकच ओळ. अहो, खरी मारामारी तर तिथेच असते!

शेवाळात सापडलेलं चॅनेलरोडॉप्सिन हे प्रोटीन व्हायरसच्या मदतीने ठराविक पेशींमध्ये तयार करवायचं, मग निळा प्रकाश पडला की नेमक्या त्याच पेशी सिग्नल देतात. कार्ल डायसरॉथ, एड बॉयडन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हे न्यूरॉन्सवर, म्हणजे मेंदूतल्या पेशींवर, दाखवलं. इथपर्यंत सगळे लिहितात. पण निळा प्रकाश मेंदूत फार आत शिरत नाही, मिलिमीटरभरातच विरतो, म्हणजे दिवाच आत न्यावा लागतो. आधी डोक्यात ऑप्टिकल फायबर बसवायचे आणि उंदीर त्या वायरला बांधलेला, आता बांधलेला उंदीर बिळात शिरणार कसा, दुसऱ्या उंदराशी मोकळेपणी खेळणार कसा? आणि बघायचं असतं ते त्याचं वागणंच ना!

म्हणून 2013 मध्ये जॉन रॉजर्स आणि मायकेल ब्रुकस यांच्या टीमने जे केलं ते मला फार मोठं वाटतं. वायरला न बांधता चालणारे 50 मायक्रॉन लांब-रुंद एलईडी, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही लहान, पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर, आणि ती पट्टी रेशमातल्या प्रोटीनने एका बारीक सुईला चिकटवलेली. सुई मेंदूत घालायची, रेशीम विरघळलं की सुई अलगद काढून घ्यायची, मऊ पट्टी तेवढी आत राहते. कडक वस्तू आत राहिली की मेंदू हलतो तशी ती घासते आणि भोवती व्रण तयार होतो, ते यामुळे बरंच टळतं.

मग उष्णता. एलईडीला दिलेल्या विजेतला बराचसा भाग उष्णतेत जातो, आणि आजूबाजूचा भाग एखाद्या डिग्रीने तापला तरी पेशींचं काम बदलू शकतं, मग फरक प्रकाशाने पडला की उष्णतेने हेच कळेना! म्हणून ते प्रोटीन नसलेल्या उंदरांनाही तोच प्रकाश देऊन ताडून बघावं लागतं.

आणि सगळ्यात चिवट शत्रू म्हणजे ओल. शरीर म्हणजे कोमट खारं पाणी, प्लास्टिकच्या कुठल्याही थरातून वाफ हळूहळू झिरपतेच, पॅरिलीन या प्लास्टिकच्या संरक्षक लेपात कोपऱ्यावर एक सूक्ष्म भोक राहिलं तरी आतला धातू गंजायला लागतो. म्हणून ही उपकरणं मिठाच्या गरम पाण्यात आठवडेच्या आठवडे बुडवून तपासतात. हे काम करणाऱ्यांचं नाव कधीच हेडलाइनमध्ये येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

2021 मध्ये एका अंध व्यक्तीच्या डोळ्यात असंच प्रोटीन घालून, खास गॉगल लावून, टेबलावरच्या वस्तू शोधता आणि मोजता आल्याची बातमी जगभर गाजली. पण डोळ्यात प्रकाश बाहेरून जातो हो, मेंदूला कवटी आहे, तिथे बहुतेक वेळा उपकरणाशिवाय गत नाही आणि ते वर्षानुवर्षं टिकायला हवं.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या बातमीत उपकरणाचं वजन किती, ते तापतं किती आणि शरीरात किती दिवस चाललं हे नक्की विचारा, आणि जमलं तर ते बनवणाऱ्या इंजिनिअरशीही बोला.

आपला,
एक नियमित वाचक